हा सोडायचा

पाडव्याला मी लातूरला बहिणीकडं गेलो होतो. बहिणीकडं म्हणजे तिच्या घरी नव्हे. तिचं घर, नवरा, सासू, दोन म्हशी, सगळं तिकडं गावी. ती मात्र मुलीच्या नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, दोन वर्षं लातूरच्या ट्यूशन एरियात दहा बाय बाराच्या खोलीत राहत होती. खिडकीच्या गजाला काठी बांधून गुढी उभारलेली, तिच्यावरच्या साखरेच्या गाठीला दुपारपर्यंत मुंग्या लागलेल्या. २०२५ चा पाडवा रविवारी आला आणि रविवारी क्लासची टेस्ट असते, म्हणून भाची सकाळी कडुनिंबाची गोळी तोंडात टाकून पेपरला गेली आणि पुरणपोळी खायला दोनला परत आली. रात्री मी पलंगावर लवंडलो, तर उशीशी तोच पेपर. चाळता चाळता फिजिक्सच्या एका प्रश्नापाशी थांबलो. दोन्ही बाजूंनी उतार असलेली एक पाचर, तिच्या माथ्यावर कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन उतारांवर दोन ठोकळे, खाली गुळगुळीत जमीन. दोरीतला ताण किती? ती आकृती बघितली आणि बत्तीस वर्षांपूर्वीची कंपासपेटी उघडल्यासारखं झालं. लाकडाचा भुसा, गंजलेला कर्कटक, खोडरबराचा वास. प्रश्नाशेजारी भाचीनं पेन्सिलीनं मोठं वर्तुळ काढलं होतं.

"हे वर्तुळ कशाला?"

"तो सोडायचाय, मामा."

मला वाटलं, घाईत तिनं ‘व’ गिळला. म्हटलं, मग सोडव की, मी बघतो. तेव्हा ती वहीतून डोकं वर काढून, बँकेत म्हाताऱ्या पेन्शनरला समजावतो तशा आवाजात म्हणाली, "सोडवायचा नाही. सोडायचा."

एका ‘व’चा फरक. पण तो मला रात्रभर टोचत राहिला.

मी अर्थातच तो सोडला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं फाडलेलं पान बहिणीनं शेंगदाणे निवडायला ठेवलं होतं, ते उलटं केलं आणि बसलो. आधी आकृती. मग बाण. मग इथं साइन येतो की कॉस, या एकाच गोष्टीवर दहा मिनिटं गेली. पण एकदा समीकरणं एकाखाली एक मांडली, ताण दोन्हीकडून आणून वजाबाकी केली आणि नको ते पद कापलं गेलं, तेव्हा असा काही आनंद झाला की तो बँकेत एवढ्या वर्षांत एकाही ताळेबंदानं दिलेला नाही. उत्तर पर्यायांत होतं. दोन नंबरचा. मी पान तिच्यासमोर धरलं. ती म्हणाली, "भारी मामा. पण चाळीस मिनिटं." नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. मी एका दोरीत गुंतलो होतो तेवढ्यात तिनं जनुकशास्त्राचे चाळीस उडवले होते आणि पाणीही पिऊन झालं होतं.

आमच्या वेळी उलटं होतं. १९९३ साली मी बारावीला होतो आणि मेडिकल, इंजिनिअरिंग, सगळं बोर्डाच्या मार्कांवर ठरायचं. आमचे फिजिक्सचे सर परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला एकच मंत्र द्यायचे, कोरं सोडू नका. उत्तर येत नसेल तर आकृती काढा, आकृती येत नसेल तर सूत्र लिहा, सूत्र आठवत नसेल तर दिलेल्या किमती तरी नीट मांडा. तपासणारा माणूस आहे, अर्धा मार्क देईल. त्या अर्ध्या मार्काच्या आशेवर आम्ही पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या. पुरवणीला दोरा बांधताना शेजारच्याकडं तिरप्या नजरेनं बघायचं, याच्या किती झाल्या? मला अजून वाटतं की आमची पिढी आयुष्यभर तेच करत आली. उत्तर येत नसलं तरी काहीबाही लिहायचं, पानं भरायची, कुणीतरी माणूस तपासेल आणि प्रयत्नांचे मार्क देईल. ओएमआर शीटमागं, म्हणजे मशीन तपासतं त्या गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेमागं, तसा माणूस नाही. काळ्या बॉलपेननं भरलेला गोळा तेवढा वाचला जातो. तो भरताना तुमचा हात थरथरला होता की नाही, हे कुणी विचारत नाही. आणि एकदा भरलेला गोळा पुसता येत नाही.

पण आम्ही काहीच सोडत नव्हतो हे म्हणणंही खोटं आहे. आम्ही धडे सोडायचो. त्याला आमच्याकडं ‘ऑप्शनला टाकणं’ म्हणायचे. ‘खालीलपैकी कोणतेही तीन’ असं असलं की एक धडा बिनधास्त टाकून द्यायचा. मी प्रकाशाचं व्यतिकरण ऑप्शनला टाकलं होतं आणि त्यामुळं पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर सप्तरंग दिसले की आजही अपराधी वाटतं. घरंसुद्धा ऑप्शनला टाकतात. माझा मेडिकलला नंबर लागला नाही, तरी मला औरंगाबादला शिकायला पाठवलं. तीन वर्षांनी बहीण बारावी झाली, तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. त्या वर्षी बोअर आटली होती. तिच्यासाठी घरात चर्चा अशी झालीच नाही. जवळच्या गावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं, दुसरं वर्ष झालं आणि लग्न ठरलं. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही तो विषय काढला नाही.

आता ती पहाटे साडेचारला उठून मुलीला चहा करून द्यायची. त्या गल्लीत तिच्यासारख्या कितीतरी जणी होत्या. कुणी परभणीकडची, कुणी नांदेडची, कुणी थेट सोलापूरकडून आलेली. नवरे गावी, बायका इथं, मधे एक लेकरू आणि एक गॅसची टाकी. संध्याकाळी साडेसहाला एक बॅच सुटायची आणि दुसरी भरायची, तेव्हा त्या रस्त्यावर सायकली, स्कूट्या, वडापावाच्या गाड्या आणि पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं यांचा असा लोंढा वाहायचा की रिक्षावाला हॉर्न वाजवायचाही कंटाळा करायचा. वर फ्लेक्स. फ्लेक्सवर चेहरे, चेहऱ्याखाली मार्क. पूर्वी लातूरची पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत यायची आणि पेपरात फोटो छापून यायचा, त्या फोटोंचेच हे वाढलेले भाऊबंद. लातूर पॅटर्न म्हणजे काय, असं लोक गूढ असल्यासारखं विचारतात. मला त्या चार दिवसांत दिसला तो पॅटर्न साधा होता. सराव, पुन्हा सराव, आणि केलेली चूक लिहून ठेवायची.

ती चुकांची वही मी चोरून वाचली. भाचीनं तिचे तीन रकाने केले होते. ‘माहीत नव्हतं’, ‘माहीत होतं पण वाचलं नाही’, ‘गोळा चुकला’. पहिला रकाना जानेवारीपर्यंत भरगच्च आणि पुढं विरळ होत गेलेला. दुसरा मात्र शेवटपर्यंत तेवढाच. ‘अयोग्य विधान ओळखा’ असताना योग्य ओळखलं. ‘अयोग्य’ असताना योग्य. पुन्हा तेच. एके ठिकाणी तिनं ‘अ’भोवती लाल पेननं इतक्या वेळा गिरवलं होतं की कागद फाटला होता. तिसऱ्या रकान्यात डिसेंबरच्या एका टेस्टची हकीकत होती. एक प्रश्न सोडला, पण शीटवरची ती ओळ मोकळी ठेवायला विसरली, आणि पुढचे अकरा गोळे एकेक ओळ वर सरकले. अकराच्या अकरा उत्तरं बरोबर होती. तेव्हापासून ती पान संपलं की त्या पानाचे गोळे भरते. शेवटी एकदम भरायचे म्हणून ठेवत नाही. क्रमही ठरलेला. आधी बायोलॉजी, नव्वद प्रश्न, पन्नास मिनिटांच्या आत. मग केमिस्ट्री. फिजिक्स शेवटी, आणि त्यातही तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत बघताक्षणी येणारे, दुसरीत थोडं लिहावं लागणारे. तिसऱ्या फेरीला वेळ उरला तर वर्तुळवाले, नाहीतर त्यांना रामराम. मला हे सगळं ऐकताना एकीकडं कौतुक वाटत होतं आणि दुसरीकडं, सतरा वर्षांच्या पोरीला कुठल्याही प्रश्नाकडं बघून पाच सेकंदांत ‘हा आपल्या कामाचा नाही’ म्हणता यावं, याचं थोडं भयही.

मी बँकेतला माणूस. जोखमीचा हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी तिला गाठलं. म्हटलं, हे बघ, बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला वजा एक. चार पर्याय आहेत. चार प्रश्नांवर डोळे मिटून अंदाजपंचे गोळे भरले तर सरासरीनं एक बरोबर येईल, चार मिळाले. तीन चुकतील, तीन गेले. तरी एक शिल्लकच. म्हणजे आंधळा तुक्कासुद्धा फायद्याचा. मग सोडायचा कशाला? मला वाटलं, पोरगी चाट पडेल. तिनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटायच्या आत उचललं आणि म्हणाली, "मामा, आंधळा तुक्का कुणी मारतच नाही. थोडं येतंय असं वाटतं तेव्हाच आपण गोळा भरतो. आणि पेपर काढणाऱ्याला माहीत असतं आपण कुठं चुकणार. तो ती चूक करून बघतो, जे उत्तर येतं ते पर्यायात ठेवतो. आपलं उत्तर पर्यायात दिसलं की आपण खूश." दोन पर्याय खात्रीनं कापता आले तर ती गोळा भरते, नाहीतर नाही, हा तिचा नियम. शंभराच्या वर टेस्ट देऊन, स्वतःचे वजा मोजून बनवलेला. माझी सरासरी तिच्यापुढं पुस्तकी वाटली.

गंमत म्हणजे एप्रिलमध्ये हीच पोरगी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देणार होती. नीटला काही झालं तर बी.फार्म. नाहीतर ॲग्री, म्हणून पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, ग्रुपचा फॉर्म भरलेला. राज्याच्या सीईटीला निगेटिव्ह नाही. तिथं एकही प्रश्न रिकामा ठेवणं म्हणजे शुद्ध येडेपणा. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर क्लिक करत सुटायचं. शिवाय तिथं अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्केच वजन, म्हणून उजळणीचा क्रमही वेगळा. तीन-चार आठवड्यांच्या अंतरात एका परीक्षेत काही सोडायचं नाही आणि दुसरीत सोडायची हिंमत दाखवायची. आधी नीटमध्येही थोडी सोय होती. २०२१ ते २०२४ पर्यंत २०० प्रश्न असायचे आणि त्यांतले १८० सोडवायचे, म्हणजे प्रत्येक विषयात पाच प्रश्न अधिकृतपणे ऑप्शनला. २०२५ पासून ती सोय गेली. आता सोडायचं ते स्वतःच्या हिमतीवर.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं दूध आणायला निघालो. कोपऱ्यावर एका वाड्याच्या भिंतीवरून गुलमोहर बाहेर झुकलेला, हंगामाच्या आधीच दोन-चार तुरे आलेले. मी म्हटलं, बघ. ती चालता चालता म्हणाली, "इम्ब्रिकेट. कॅसिया आणि गुलमोहर. ओळ आहे पुस्तकात." एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पुस्तक तिनं अकरा वेळा वाचलं होतं, आतल्या कव्हरवर तुरुंगातल्या भिंतीवर असतात तशा रेघा मारलेल्या. मला वाईट वाटलं. झाड दिसायच्या आधी ओळ दिसते हिला, असं काहीतरी मनात आलं आणि बोलणार होतो. तेवढ्यात ती थांबली, खाली पडलेली एक कळी उचलली, नखानं हळूच उलगडली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून पाकळी कुठल्या पाकळीवर चढलीय ते मोजत बसली. "खरंच आहे की," म्हणाली. मागून येणाऱ्या स्कूटीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. माझं वाक्य माझ्याकडंच राहिलं.

तरी मनातली कुरकुर जात नव्हती. मी पुण्याला आलो, एप्रिलभर मार्चअखेरच्या ऑडिटमध्ये बुडालो, पण मधूनच ते वर्तुळ आठवायचं. परीक्षेला डावपेच हवेत, हे मला मान्य आहे. २०२५ ला २२ लाखांवर पोरं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आत होत्या. तिथं ‘मन लावून अभ्यास कर’ एवढंच सांगणारा मामा म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणारा मामा. पण जो प्रश्न सुंदर आहे, जो माणसाला चाळीस मिनिटं धरून ठेवतो, त्याच्याशेजारी वर्तुळ काढून पुढं जायची सवय दोन वर्षं लावली, तर ती सवय परीक्षा संपल्यावर जाते का? मी हे बहिणीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, दादा, भाजी लागलीय खाली, नंतर बोलू.

४ मेला मी पुन्हा लातुरात. केंद्रावर बाराच्या आधीच रांग. अर्ध्या बाहीचा कुर्ता, पायात चपला, कानातले काढलेले. मनगटावरचा गंडा तिच्या आजीनं बांधलेला, तो आईनं गेटपाशी दातानं तोडला आणि पदराला बांधला. पेनही न्यायचं नसतं, आत मिळतं. दीडला गेट बंद झालं. एक मुलगा एक पस्तीसला पळत आला. त्याचा बाप गेटच्या गजांना धरून ज्या आवाजात बोलत होता, तो मला लिहिता येणार नाही. दोन ते पाच. बाहेर कडुनिंबाखाली शंभरेक आईबाप, उन्हाच्या झळा, कुणी जपमाळ घेऊन, कुणी मोबाईलवर, कुणी नुसतं गेटकडं बघत. उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज तेवढा चालू. बहिणीनं सतरंजी आणली होती. ती अंथरून आम्ही बसलो. तासभर कुणी बोललं नाही.

मग ती एकदम म्हणाली, "दादा, पाडव्याला तू तो प्रश्न सोडवलास ना? तो चुकला होता."

"कुठला?"

"दोरीचा. तू पाचर धरून ठेवलीस. खाली जमीन गुळगुळीत दिली होती, म्हणजे पाचर पण सरकणार की. तुझं उत्तर पर्यायात होतं खरं, पण ते पाचर पक्की असली तरचं. बरोबर तीन नंबर."

मी विचारलं, पोरीनं सांगितलं का? "तिला कुठला वेळ. मीच काढलं." मग पदराची गाठ सोडत, पुन्हा मारत म्हणाली, "फेब्रुवारीच्या पानावर जागा उरली नव्हती तुझ्यामुळं. मार्च संपायची वाट बघितली. मला तीन दिवस लागले. कुकर लावायचा आणि बसायचं, शिट्टी झाली की उठायचं." तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी ओळखलं. तेच मला त्या रात्री झालं होतं, फक्त माझं चुकीच्या उत्तरावर झालं होतं. मला खूप काही बोलायचं होतं. १९९६ चं, बोअरचं, तिच्या मार्कांचं. मी विचारलं, रस पिणार का?

पाचला गेट उघडलं आणि पोरं बाहेर येऊ लागली, तेव्हाच कळलं की फिजिक्स अवघड गेलंय. मुली आयांच्या गळ्यात पडून रडत होत्या. एक उंच मुलगा रस्त्याच्या कडेला नुसता बसला. त्या पेपरनं किती जणांना घोळसलं हे पुढं निकालात दिसलंच. आदल्या वर्षी पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते, २०२५ ला देशात पहिला आलेल्याला ६८६. भाचीच्या मार्कांबद्दल इथं लिहायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

ती सगळ्यांत शेवटच्या घोळक्यातून आली. रडत नव्हती. ओठ कोरडे, हाताला शाई, काखेत पेपरची पुस्तिका.

"किती सोडले?" मी विचारलं.

"सत्तावीस. फिजिक्सचेच एकवीस."

"बरं केलंस," बहीण म्हणाली आणि गंडा पुन्हा तिच्या मनगटाला बांधायला लागली.

रिक्षात भाची माझ्या खांद्यावर डोकं टेकून दोन मिनिटांत झोपली. बहिणीनं पुस्तिका तिच्या मांडीवरून अलगद काढली, उघडली, आणि पानं उलटत पहिल्या वर्तुळापाशी आली. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती. ती बराच वेळ त्या आकृतीकडं बघत राहिली, मग माझ्या खिशाकडं हात केला.

"पेन दे रे जरा."